बिनसाखरेची प्लेट

“उर्मिला, बिनसाखरेची प्लेट यातली कुठली गं?” मायक्रोस्कोपवरून डोळे न काढताच मॅडमनी विचारलं. तिन्ही प्लेटांतल्या पेशी हिरव्यागार चमकत होत्या.

पेशी अण्णांच्या, उर्मिलेच्या वडिलांच्या होत्या. बोटांतलं बळ गेलं, चिपळ्या धरता येईनात, कीर्तन सुटलं, तेव्हा त्यांनी कातडीचा तुकडा तिच्या प्रयोगशाळेला दिला होता. “माझं राहू दे. धाकट्याला हेच होणार का, ते बघा.” अण्णा वैशाखात गेले. मागे एवढ्याच पेशी जिवंत उरल्या होत्या.

रीत साधी होती. दोन प्लेटांना खुणेची साखर भरवायची. पेशी ती आपल्या प्रथिनांवर चढवतात, मग हिरवा रंग तिला चिकटतो. हे चढवणं बिघडल्यानंच अण्णांचं बळ गेलं, अशी शंका होती. तिसरीला साखर द्यायची नाही. रंग उगाचही चिकटतो, म्हणून तिच्याशी ताडून पाहायचं. रंगासोबत तांबं घालावं लागतं, त्यानं पेशी मरतात. प्रयोग परत करता येत नाही.

“मी तिघींनाही भरवली, मॅडम. एकीलाच वगळायला हात धजेना.”

“अगं, नैवेद्याचं पान होतं का ते?” मॅडम कडाडल्या. मग उठून त्यांनी तिला आपली खुर्ची दिली. “आता यातून काही कळायचं नाही. पण बघून घे.”

ती बघतच राहिली. एवढ्यात फोन वाजला. “ताई, कळलं का गं काही?” धाकटा भाऊ विचारत होता.

“अण्णा फार सुंदर दिसतायत रे,” एवढंच तिला सांगता आलं.