सडपातळ उंदीर
शरीरातलं एक प्रथिन बंद केलेले उंदीर तेलकट खाऊनही सडपातळच राहतात, हे दाखवणारे संशोधक विद्यार्थिनीचे आकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना पचत नव्हते. पदवीच्या घाईत पोरगी उंदरांना उपाशी ठेवत असणार! म्हणून मॅडमनी स्वतः खाणं घातलं आणि खोलीची किल्ली पर्समध्ये ठेवली. आठवडाभर उंदरांनी त्याचा फडशा पाडला, पण वजन गुंजभरही वाढलं नाही. मॅडम ओशाळल्या. “उगाच संशय घेतला गं. दुपारी लठ्ठपणावर औषध काढू पाहणारे कंपनीवाले येतायत, त्यांना दाखवू!” विद्यार्थिनी हसली नाही. “मॅडम, मलाही संशय येतोय, पण वेगळा.” तिने एका उंदराच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुली आकसली नाही. “अ जीवनसत्त्व डोळ्यांपर्यंत नेणारं प्रथिनही आपण बंद केलेलं हेच. हे आंधळे झालेत.” मॅडमनी बॅटरी घेऊन दुसरा, तिसरा, चौथा उंदीर तपासला. “कंपनीवाल्यांना आधी हे डोळे दाखवायचे,” त्या शेवटी म्हणाल्या.