उरलेलं अर्धं छत

मिशिगनच्या तांब्याच्या खाणीतला कॉर्निश माणूस, म्हणजे इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून आलेला खाणकामगार, मरणालासुद्धा भीत नाही. भितो ते फक्त शीळ घालायला. खाली कुणी शीळ घातली की छत कोसळतं, ही बापजाद्यांपासूनची खात्री. जेगो आणि त्याचे सासरे ढिगाऱ्यामागे अडकले होते. हातोडे गाडले गेले, ओरडून घसे बसले, आणि पलीकडे शोधायला आलेल्यांच्या कुदळी दूर चालल्या होत्या. जेगोने ओठांचा चंबू केला. "खबरदार, छत कोसळेल," सासरे खेकसले. "मामा, छत कोसळलंय." "अर्धंच कोसळलंय." जेगोने वर पाहिलं. उरलेल्या अर्ध्यातून माती गळत होती. कुदळी ऐकू येईनाशा झाल्या. सासऱ्यांनी डोळ्यांवर टोपी ओढली. "घाल. मी नको म्हटलेलं, देवाला सांग." जेगोने जीव खाऊन शीळ घातली. पावलं धावत आली. ढिगाऱ्यापलीकडून मुकादमाचा घाबरा आवाज आला: "आलोच, काढतो बाहेर. तेवढी शीळ थांबव बाबा."