नसलेलं दुखणं

"दमा म्हणा ना आई, एकदा तरी!" निधी काकुळतीला आली.

"मी नाय म्हणणार. माका दमो नाय." सुगंधाबाईंनी पदर सारखा केला. "नसलेला दुखणा तोंडान बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असता."

निधीने कपाळाला हात लावला. ती बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. परदेशात जाऊन नर्सिंगचं पुढचं शिक्षण घ्यायचं, तर आधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा. तिथे समोर कोणीतरी पेशंट होऊन बसतं आणि त्याच्याशी पाच मिनिटं धड बोलायचं असतं. एकदा ती त्यात आपटली होती. उद्या दुसरी खेप. क्लासच्या मॅडम रोज मोबाइलवर एक नवा पेशंट लिहून पाठवायच्या, आणि ड्युटीवरून आल्यावर दुपारी घरात सापडणारं माणूस एकच, सासूबाई. निधीने इंग्रजीत विचारायचं, तेच मराठीत सांगायचं आणि सुगंधाबाईंनी मालवणीत उत्तर द्यायचं. परीक्षकाला हे झेपलं नसतं, पण दहिसरात एवढीच सोय होती.

सुगंधाबाई वेळेवर केस विंचरून दिवाणावर बसायच्या, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार दुखण्याबद्दल होती. मॅडमनी डायबेटिस पाठवला, सुगंधाबाईंचा गुडघा दुखला. पित्ताचा खडा पाठवला, गुडघा दुखला. एकदा पहिलटकरीण पाठवली, तर तिचाही गुडघाच. तो मात्र त्या मन लावून सांगायच्या. जिना उतरताना कसा, देवासमोरून उठताना कसा, अवसेला कसा. निधी मधेच तोडायची, "बरं बरं, पुढे!"

मॅडमही तेच म्हणायच्या. "तुझं इंग्रजी ठीक आहे गं. पण तू ऐकतच नाहीस. पेशंटचं वाक्य संपायच्या आत तुझा पुढचा प्रश्न हजर." भरल्या वॉर्डात ऐकत बसायला वेळ असतो कोणाला? निधीला हे मॅडमना सांगायचं होतं, पण क्लासात तेही इंग्रजीतच सांगावं लागलं असतं.

तिला जायचं होतं, फार जायचं होतं. सलाइन लावतानाही ती ओठांतल्या ओठांत इंग्रजी वाक्यं म्हणायची. ती पास झाली की ती आणि तिचा नवरा सुयोग, दोघंही जाणार होते. सुयोगने आईला सांगितलं, तेव्हा सुगंधाबाई निवडलेली मेथी पुन्हा निवडत म्हणाल्या होत्या, "जावा रे. मी आसंय ना हय." त्यावर पुढे कोणी काही विचारलं नव्हतं.

निधीने दमा सोडून दिला. "ठीक आहे. शेवटचा एक पेशंट उरलाय. तेवढा करू."

"काय झालाहा त्येका?"

निधीने मोबाइलवर वाचलं आणि जरा घुटमळली. "बाई आहे, वय झालेली. तिला तसा आजार काही नाही. जेवण जात नाही, झोप येत नाही. एकटं वाटतं."

ती थांबली. आता वास्तू येणार, मग तथास्तु, मग गुडघा.

सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या टॉवरच्या बंद खिडक्यांखेरीज तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"विचार," त्या म्हणाल्या.

निधीने टायमर लावला. टायमरला तिने दारावरच्या बेलचा आवाज लावून ठेवला होता. वाजला रे वाजला की ती तो बंद करायची.

"हाऊ लाँग हॅव यू बीन फीलिंग लाइक धिस?"

"म्हणजे?"

"असं कधीपासून वाटतंय?"

"चाळ पाडली तेव्हापासून," सुगंधाबाईंनी लगेच सांगितलं. जणू उत्तर कधीचं तयार होतं, प्रश्नच यायचा राहिला होता. "चाळीत दार उघडाच असायचा. कोणव येयत, बसत, जायत. हय टॉवरात इलो नि दाराक लॅच इला. तुझी चावी तुझ्याकडे, सुयोगाची त्याच्याकडे. दूधवालो पिशवी कडीक लावन जाता. पार्सल वॉचमन खालीच घेता." त्यांनी दाराकडे बघितलं. "बेल बसवली मोठ्या हौशीन. कोणी वाजवूकच नाय गो. तुम्ही येतास, माका कळता कधी? पाण्याचो नळ सोडलास काय तेव्हाच."

याच्यापुढे म्हणायचं वाक्य निधीला पाठ होतं. दॅट मस्ट बी व्हेरी हार्ड फॉर यू. मॅडमनी ते शंभरदा घोटून घेतलं होतं, आवाज कुठे उतरवायचा तेसुद्धा. आज ते तोंडातून निघेना. या बाईंच्या हातचं जेवून ती रोज ड्युटीवर जात होती, आणि ही गोष्ट तिला मॅडमच्या पेशंटमुळे कळत होती. तिला स्वतःची लाज वाटली. उद्याची परीक्षा आठवली, आणि तरीही जायचंच आहे हेही आठवलं.

तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. ती नुसती सासूबाईंकडे बघत राहिली. गुडघ्याचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

मोबाइल वाजला. टिंग-टाँग, टिंग-टाँग. निधीने सवयीने हात पुढे केला.

"वाजू दे गो जरा," सुगंधाबाई म्हणाल्या. "बरा वाटता."