उगवतीचं दार

"दार उगवत्या सूर्याकडे हवं," सायलीनं हातातल्या कागदावरून वाचून दाखवलं. "सकाळचं ऊन थेट आत येतं."

कडूबाईनं जीभ दाताखाली धरली.

पौषातला माळ, लिंबागणेशच्या शिवारात. दिवस कलला होता आणि कडूबाईचा लेक सतीश निळा तंबू उभा करत होता. कॅनडात गेला त्या वर्षी तिथल्या वाचनालयात नव्यानं आलेल्या कुटुंबांसाठी एक वर्ग भरला होता. शनिवार-रविवार स्वस्तात रानात कसं राहावं, याचा. तंबू जुना चालेल, भांडी घरचीच घ्या, जागा सपाट बघा. सायलीच्या हातातला कागद तिथलाच. सुट्टीला गावी आल्यावर ही गंमत आजीला दाखवायचीच, असा तिचा हट्ट होता.

"आजी, तू कधी तंबूत राहिलीयेस?" सकाळी तिनं विचारलं होतं.

भाकरी थापता थापता कडूबाईचा हात थांबला. तिनं लेकाकडं बघितलं. लेकानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली.

तिचा अर्धा जन्म पालात गेला होता. पण दहा वर्षांपूर्वी, लग्न ठरलं तेव्हा, लेकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आई, पालाचं, मेंढरांचं काही काढू नको. शेतकरी आहोत एवढंच सांगितलंय." सून स्वप्नाली पुण्याची. कडूबाईनं शब्द दिला आणि पाळला. त्याला जन्माच्या नावानं, सटवा म्हणून, हाक मारायचंही सोडलं. पण आता नात प्रश्न विचारायला लागली होती. आज लपवलं ते आपल्यामागं कुणाला ठाऊकच राहणार नव्हतं.

तिकडं सतीशनं जागा साफ करायला घेतली. वाटेत तीन काळे धोंडे पडले होते, ते त्यानं पायानं बाजूला सारले. कडूबाईला ते बघवलं नाही. दर हिवाळ्यात तिचं बिऱ्हाड याच माळावर उतरायचं. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, कोंबड्यांच्या मधी हा चार वर्षांचा, नाक पुसत बसलेला. बायका पुढं यायच्या, पालं ठोकायच्या. बाप्ये मेंढरं घेऊन दिवस बुडता बुडता पोचायचे. तिचा नवरा धोंडीराम लांबूनच शीळ घालायचा आणि त्याची शीळ ऐकू यायच्या आत कडूबाईचा तवा तापलेला असायचा. त्यात तिचा हात धरणारी दुसरी बाई नव्हती. हाल होते, नाही असं नाही. पण काय ऐट होती त्या हालांची! धोंडीराम गेला, मेंढरं विकली, लेकाच्या पैशातून स्लॅबचं घर झालं. त्या घरात तिला अजून धड झोप लागत नव्हती.

माळ मात्र लेकानंच निवडला होता. गावाभोवती एवढी रानं पडलेली असताना, हाच. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

तंबू उभा राहिला. सायलीनं टाळ्या पिटल्या. सतीशनं चहाला गॅसची छोटी शेगडी लावली, ती वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. उघड्या दारातून वारं आत घुसलं आणि तंबू गाभण मेंढीसारखा फुगला.

"कागदात बघ गं," स्वप्नाली म्हणाली. "वारा असेल तर काय करायचं?"

सायलीनं बोट फिरवत शोधलं. "गाडीत बसून खावं."

स्वप्नाली हसली. सतीश हसला नाही. त्यानं उठून मघा सारलेले तीन धोंडे एकेक करून उचलून आणले. दोन शेजारी, एक मागं. पाठ वाऱ्याला, काजळी धरलेली बाजू आत. बांधावरच्या तुराट्या मोडल्या, खाली वाळकं गवत कोंबलं आणि वाकून फुंकर घातली. एका काडीत चूल पेटली. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, आणि ते पोहणं विसरतही नाही. कडूबाईनं पदर तोंडाशी नेला.

"वा!" स्वप्नाली म्हणाली. "हेही त्या वर्गातच शिकवलं?"

सतीशनं चुलीत आणखी एक तुराटी सारली. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. कडूबाईनं मान खाली घातली, लेकाला आपल्या नजरेची अडचण नको म्हणून.

"न्हाई," तो म्हणाला. असं 'न्हाई' त्याच्या तोंडून कितीतरी वर्षांनी आलं. "हितंच शिकलो. मायनं शिकवलं. मेंढरं होती आमची. आमी ह्याच माळावर उतरायचो, पालात."

"पाल म्हणजे तंबू?" सायलीचे डोळे विस्फारले. "मग तुमचं घर कुठे होतं, बाबा?"

"तेच घर. सकाळी घोड्यावर घालायचं आन् पुढच्या गावाला न्यायचं."

स्वप्नाली उठून सासूच्या शेजारी, खाली मातीतच बसली.

"आई, तुम्ही एवढी वर्षं काहीच कसं बोलला नाहीत?"

बोलण्यासारखं खूप होतं. शीळ होती, घोडं होतं, कोंबड्या होत्या. सगळं एकदम ओठावर आलं. पण दुपारपासून जिभेवर दाबून धरलेलं होतं, ते आधी सुटलं.

"सटवा, उठ! ते दार फिरव आधी. पौषात वारं उगवतीकडनं येतंय, इसरलास का? वाऱ्याच्या तोंडाला दार करतंय व्हय कुणी!"