एका मडक्यातले दहा

गावाबाहेर आम्ही दहा महारोगी एकाच मडक्यात शिजवून खायचो. नऊ यहूदी आणि दलाया तेवढा शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांच्या हातचं पाणीही पीत नाहीत त्यांच्यातला. माझी बोटं झडलेली, म्हणून सात वर्षं मला घास तोच भरवायचा. वर म्हणायचा, "आ करा, महाराज!"

त्या दिवशी रोग्यांना बरं करणाऱ्या नासरेथच्या गुरूंनी आमच्या हाका ऐकून लांबूनच सांगितलं, "जा, मंदिरातल्या याजकांना अंग दाखवा, ते शुद्ध ठरवतील." चालता चालता वाटेतच कातडी निवळली, बोटं परत आली. आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. मग यरुशलेमच्या मंदिराकडे जाणारा फाटा आला.

"चला की," दलाया म्हणाला.

"तू कुठे निघालास?" मी म्हणालो. "शोमरोन्याला मंदिरात कोण घेणार? तुझ्यासोबत दिसलो तर आम्हालाही बाटलेले म्हणतील."

"काल तर माझ्या हातचं जेवलास, अजूर."

बाकीचे आठ जण मंदिराच्या वाटेला लागले. तो एकटाच मागे फिरला.

आता लोक कौतुकाने सांगतात, दहा जण बरे झाले, पण गुरूंचे आभार मानायला एकटा शोमरोनीच परत गेला. मी मान खाली घालून ऐकतो. नवीन बोट मी पहिल्यांदा उचललं, ते त्याला मागची वाट दाखवायला.