तुमच्यापुरती एक मरळ

जळकोटजवळच्या तलावावर मी तपासणीला गेलो होतो. 'निसर्ग जपून पकडलेला मासा' हा शिक्का मिळाला, तर तिथले मासेमार बाबामियाँ आणि त्यांच्या सोबतच्या अकरा घरांचा मासा हैदराबादच्या मोठ्या दुकानात जाणार होता. नियम एकदा जरी मोडला, तरी शिक्का नाही.

प्रश्न १. जाळ्यातून लहान मासे निसटतात का?
होय.

प्रश्न २. अंडी घालायच्या दिवसांत मासेमारी पूर्ण बंद असते का?
तेच दिवस चालू होते. जाळी खुंटीला टांगलेली, त्यांवर कोळिष्टकं.
होय.

प्रश्न ३ वाचणार, तेवढ्यात बाबामियाँच्या बायकोनं, सायराबींनी, ताट पुढं केलं. भाकरी, मरळीचं कालवण आणि तिच्याच अंड्यांची तळलेली गाभोळी. गाभोळी मी दोनदा मागून घेतली.

"एवढी ताजी मरळ कुठनं आणली?" मी बोटं चाटत विचारलं.

"कुठनं म्हंजे? तलावातनंच. आमी दीड महिना डाळीवर हाव, त्याचं काय न्हाय," सायराबी म्हणाल्या. "पन पाव्हण्याला डाळ वाढायची का, साहेब? ह्यांनी सकाळी तुमच्यापुरती एकच काढली."

"गळानं काढली," बाबामियाँ घाईनं म्हणाले. "जाळ्याला हातसुदिक लावला न्हाय."

फॉर्मच्या तळाशी दोन ओळी रिकाम्या होत्या. नियम मोडणाऱ्याचं नाव. तपासणाऱ्याचं नाव.

.

.

दोन्हीकडं मी एकच नाव लिहिलं.