ओली भिंत

“हात लावून बघा ना, साहेब. अख्खी भिंत ओली आहे,” नर्सबाई म्हणाल्या आणि टेलरमामांनी कपाळाला हात लावला.

नर्सबाई सहा वर्षं मामांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होत्या. सहा वर्षांत तक्रारीचा एक शब्द नाही. आणि आज, बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला असताना, बाईंच्या जिभेला धार चढली होती.

हा मजला मामांनी कर्ज काढून बांधला होता. भाडं आलं की हप्ता जायचा. शिवणयंत्रासारखं सगळं एका लयीत चाललं होतं. मग बँकेनं व्याज वाढवलं, हप्ता फुगला आणि भाडं त्याला पुरेना. भाडं वाढवावं, तर बाईंना लेकीला घेऊन बाहेर पडावं लागलं असतं. मजला विकायचा, या विचारानंच मामांची झोप उडायची. उरला एकच मार्ग, कमी व्याजाच्या दुसऱ्या बँकेत कर्ज हलवायचं. नवी बँक तयार होती, पण घराची किंमत नीट भरली आणि भाडं टिकणारं दिसलं, तरच. मामांनी जिना रंगवून घेतला, कठडा घासूनपुसून लख्ख केला. बाईंना मात्र चकार शब्द सांगितला नाही. हप्ता झेपत नाही, हे भाडेकरूला कोणत्या तोंडानं सांगायचं?

“नळ तर रात्रंदिवस गळतो,” बाईंचं चालूच होतं. “खिडकी लागत नाही. दार कुरकुरतं.”

“अहो, परवाच तर नळाचं वायसर बदललंय...”

“मामा, तुम्ही खाली राहता. वरचं तुम्हाला काय कळणार?”

देवा, पाच मिनिटं हिची वाचा काढून घे, मामांनी मनोमन हात जोडले. पण देवालाही कधीकधी भक्ताची गंमत बघायची लहर येते. बाईंच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना. साहेबांनी वाटेतली आंघोळीची अर्धी रिकामी बादली पायानं बाजूला सारली, भिंतीला तळवा लावला, बोटं एकमेकांवर चोळली आणि ते गच्चीचं माप घ्यायला वर गेले.

इतका वेळ दाबून धरलेला राग मामांच्या तोंडावाटे बाहेर पडला. “बाई, काय वाकडं केलंय मी तुमचं?”

“जिना रंगवलात, कठडा चमकवलात. मला एका शब्दानं बोलला नाहीत.” बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. “असं विकणाराच करतो. म्हटलं, गिऱ्हाईक पळून जाऊ दे. सहा वर्षांनी आता कुठे जाऊ मी पोरीला घेऊन?”

“गिऱ्हाईक? अहो, बँकेचा माणूस आहे तो! कर्ज दुसरीकडे हलवतोय मी. तुमचं भाडं वाढवायला लागू नये म्हणून!”

बाई मटकन खुर्चीत बसल्या. “अगं बाई! मग सांगायचं नाही का?”

“आणि तुम्ही विचारायचं नाही का?”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. साहेब आत आले तसे मामा हात जोडून पुढे झाले. “साहेब, भिंतीचं काय असेल ते मी दुरुस्त करून देतो. तेवढं...”

“थांबा हो. एकच विचारायचं राहिलंय.” साहेबांनी पेन काढलं. “भाडेकरू टिकणारा आहे की नाही, हे बँकेला आधी हवं असतं. या बाई अजून राहतील काही वर्षं?”

मामांनी बाईंकडे पाहिलं. घराला इतकी नावं ठेवल्यावर काय सांगणार? बाई मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या.

“राहू द्या, मिळालं उत्तर.” साहेब लिहिता लिहिता हसले. “इतकी घरं पाहिली मी, पण कोमट ओल आज पहिल्यांदाच हाताला लागली.”